टाकीचे घाव... आणि फुटलेले दगड

रविवारी मेसला फीस्ट असली की जेवणं लांबतात आणि गप्पाही. अशाच एका रविवारी विषय निघाला, शाळेत कोणी किती मार खाल्ला याचा. या विषयावर प्रत्येकाकडे किस्सा असतोच. कोणाला निरगुडीचा ओला फोक, कोणाच्या बोटांत पेन्सिल घालून दाबलेली, कोणी तासभर बेंचवर अंगठे धरून उभा. मीही माझा किस्सा सांगितला. आमची शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोलायला सक्त बंदी. पाचवीत असताना मी शेजारच्याला "खोडरबर दे ना" एवढंच कुजबुजलो आणि टीचरनी लाकडी पट्टी उभी धरून माझ्या पेरांवर हाणली. एका खोडरबरासाठी तीन पट्ट्या! सगळे खो खो हसले. शेवटी एका सीनियरने समारोप केला, "एवढा मार खाल्ला म्हणून तर इथपर्यंत आलो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, मित्रांनो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

फक्त माझा रूम पार्टनर उठला, ताट ठेवलं आणि निघून गेला. वाटीतलं श्रीखंड तसंच होतं. मला त्याचा रागच आला. एवढं काय झालं उठून जायला?

आमच्या विंगमध्ये त्याला सगळे 'रडार' म्हणतात. रात्री जिन्यावर पावलं वाजली की पुस्तकातून मान वर न करता तो सांगतो, "रेक्टर सर आहेत. आज मूड ठीक नाही. कॉइल काढ." आणि खरंच, दोन मिनिटांत सर दारात, कपाळावर आठ्या! फर्स्ट इयरपासून आम्ही त्याच्या या कलेवर फिदा. तिच्याच जोरावर आमची मॅगी आणि कॉइल दोन्ही वाचत आली. (रेक्टर सर, कॉइल आता घरी पाठवली आहे!)

त्याच्या आणखीही काही सवयी आहेत. तो कायम भिंतीला पाठ लावून बसतो. मागून खांद्यावर हात ठेवला की शॉक लागल्यासारखा दचकतो. ताट दुसऱ्याच्या हातून पडलं तरी 'सॉरी' हाच म्हणतो. आणि गेल्या सेमिस्टरला 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या ओरलला, ज्या विषयात अर्धी विंग त्यानेच तारली होती, एक्स्टर्नल सरांनी जरा आवाज चढवला आणि हा गप्प. एकही उत्तर नाही. बाहेर आल्यावर आम्ही त्याला हसलो. "एवढा काय घाबरतोस रे? खातात का सर?"

त्या रविवारी रात्री लाइट घालवल्यावर तो बोलला. त्याचे वडील संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायचे. स्कूटरचं स्टँड कसं लागलं यावरून आज काय होणार ते याला कळायचं. हळू लागलं तर जेवण. आपटलं तर पट्टा. कारण काहीही पुरायचं. पहिलीत होता तेव्हापासून दहावीपर्यंत. "रोज नसायचं रे," तो म्हणाला. "रोज असतं तर बरं झालं असतं. निदान माहीत तरी असतं."

आमचं रडार कुठे तयार झालं, ते मला त्या रात्री कळलं.

हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितोय. लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. त्याने एक वाक्य काढायला सांगितलं, ते मी काढलं. त्याची ब्रँच, गाव वगैरे शोधत बसू नये, ही विनंती.

झोप काही लागेना. माझ्या तीन पट्ट्या आणि त्याची दहा वर्षं आम्ही एकाच पंगतीत बसवून हसलो होतो. माझ्या गोष्टीत पुढे काय झालं होतं? मी घरी आलो, आईने बोटं पाहिली, गार पाण्यात धरली. दुसऱ्या दिवशी आई-बाबा शाळेत जाऊन टीचरशी बोलून आले. आजीने वरणभात भरवला. गोष्ट संपली! म्हणून तर ती आज मेसमध्ये विनोद म्हणून सांगता येते. त्याची गोष्ट संपतच नव्हती. आणि जाऊन सांगावं असं माणूस जिथे असायला हवं, नेमकी तिथूनच ती सुरू होत होती.

हा फरक डॉक्टरांनीही नोंदवलेला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात चाउचिला या गावी शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडून ठेवलं गेलं. मुलं सुखरूप बाहेर आली. बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्यांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. पुढे १९९१ साली त्यांनी बालपणातल्या आघातांचे दोन प्रकार मांडले. पहिला, एकदाच झालेला मोठा आघात. दुसरा, पुन्हा पुन्हा होणारा, ज्याची मूल वाट बघायला शिकतं. पहिल्यात आठवण लख्ख राहते. दुसऱ्यात मूल आतून बधिर होतं, झालंच नाही असं वागायला लागतं, किंवा राग साठवत जातं. तिथेही मोठ्या माणसांना वाटतं, "बघा, सवय झाली. आता रडतही नाही."

आपण इंजिनिअरिंगवाले. आपल्याला हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. मशीन डिझाइनमध्ये आपण काय शिकतो? एखादा शाफ्ट एका मोठ्या लोडला टिकतो. पण त्याच्या निम्म्याहून कमी लोड लाखो वेळा उलटसुलट द्या, तो मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, ती दर सायकलला सरकते आणि एक दिवस साध्याशा लोडला तुकडा पडतो. बघणारा म्हणतो, "एवढ्याशाने मोडला?" एवढ्याशाने नाही मोडला. ओरलमध्ये गप्प झालेल्या माझ्या मित्राला आम्ही तेच म्हणालो होतो. आम्ही शेवटची सायकल पाहिली, आधीच्या पाहिल्याच नाहीत.

फटीगचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॉमेट, प्रवासी सेवेत आलेलं जगातलं पहिलं जेट विमान. १९५२ साली त्याची सेवा सुरू झाली. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीत एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ जण गेले. ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ, २१ जण गेले. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनवर पुन्हा पुन्हा दाब दिला आणि काढला. प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून जेमतेम ३,००० सायकलनंतर केबिन फाटली, एका चौकटीच्या कोपऱ्यापासून.

आता यातली खरी गंमत. कंपनीने आधी टेस्ट केली नव्हती का? केली होती! केबिनच्या भागावर नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता, तो टिकला. मग त्याच भागाची फटीग टेस्ट घेतली. तीही झकास, १५ हजारांहून जास्त सायकल. पण त्या आधीच्या दुप्पट दाबाने कोपऱ्यांतला धातू ताणला जाऊन घट्ट झाला होता. त्यामुळे तो नमुना इतर विमानांपेक्षा जास्त टिकला. सगळ्या विमानांचा हिशेब त्या एका नमुन्यावर झाला आणि माणसं गेली.

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य म्हणजे कॉमेटची ती टेस्ट आहे. टिकलेला नमुना उभा राहून सगळ्यांच्या वतीने साक्ष देतो. जे टिकले नाहीत ते आपल्या मेसमध्ये श्रीखंड खायला नसतात. काही बारावीच्या आधीच गळतात, काही व्यसनात जातात, काही तर राहतच नाहीत. आणि काही आपल्याच पंगतीला बसलेले असतात, पण ते गप्प असतात.

टाकीच्या घावांचंही तसंच. पाथरवट आधी दगड पारखतो, ठोकून त्याचा आवाज ऐकतो, मग बेताने टाकी लावतो. दिवसभराचा राग काढायला तो छिन्नी उचलत नाही. इतकं करूनही दगड फुटतातच. त्यांची खडी होते. आपण मात्र देवळात बसलेल्या दगडाला विचारतो आणि म्हण तयार करतो. खडीला कोणी विचारतं का?

खडीला विचारण्याचं काम काही लोकांनी केलं. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तेच पेशंट मध्येच उपचार सोडून जात. का, म्हणून खोलात शिरल्यावर बऱ्याच जणांच्या बालपणातल्या अत्याचारांच्या गोष्टी बाहेर आल्या. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी ९ हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, सतत अपमान, घरातली दारू, आईला होणारी मारहाण वगैरे. हे काही झोपडपट्टीतले लोक नव्हते. बहुतेक शिकलेले, आरोग्य विमा असलेले मध्यमवर्गीय होते. १९९८ साली निष्कर्ष छापून आला. निम्म्याहून जास्त लोकांच्या बालपणात यातलं किमान एक काहीतरी होतं. आणि ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. हृदयविकार, फुफ्फुसाचे आजार यांचंही प्रमाण वाढलेलं!

मार पाठीवर बसला आणि चाळीस वर्षांनी हृदयाला कसा लागतो? धोका दिसला की मेंदूतला ॲमिग्डाला नावाचा भाग घंटा वाजवतो. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल सुटतात, हृदय जोरात धडधडतं, शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. कुत्रा मागे लागला तर हे फार उपयोगी आहे. कुत्रा गेला की घंटा थांबते. पण धोका घरातच राहत असेल तर? घंटा सारखी वाजत राहते, आणि वाढीच्या वयातला मेंदू तिच्याभोवतीच बेतला जातो. शरीरावरच्या या साठत जाणाऱ्या झिजेला ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. आपल्या ओळखीचा शब्द आला बघा, लोड.

रडारचंही उत्तर मिळालं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलॅक यांना असं दिसलं, की मार खाल्लेल्या मुलांना समोरच्या चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा लवकर ओळखू येतो. चेहरा अर्धवट दिसत असतानाच! ज्या कलेवर आम्ही फिदा होतो, ती एका लहान मुलाने जगण्यासाठी शिकलेली होती. आता तो वीस वर्षांचा आहे, दारात वडील नाहीत, रेक्टर सर आहेत. रडार मात्र बंद होत नाही.

१९९२ साली ज्युडिथ हर्मन यांनी या दीर्घ, वारंवार झालेल्या आघातांच्या परिणामांसाठी वेगळं निदान हवं असं मांडलं. ते मान्य व्हायला बराच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' ही स्वतंत्र नोंद आहे. जुन्या प्रसंगांनी पछाडणं, त्यांची आठवण येईल ते टाळणं, सतत सावध राहणं ही लक्षणं आहेतच. त्याखेरीज तीन गोष्टी लागतात. भावनांवर ताबा न राहणं, 'मीच नालायक' असं खोलवर वाटणं, आणि माणसांशी जवळीक न जमणं. तिसरी वाचली आणि आमच्या विंगमधले 'शिष्ट' म्हणून बाजूला टाकलेले दोन-तीन चेहरे मला आठवले. त्यांचं काय असेल मला माहीत नाही. पण 'शिष्ट' म्हणताना मी तरी कुठे विचारलं होतं?

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था मजबूत आहे, असं कोणी म्हणेल. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. तीनपैकी दोन मुलांना शारीरिक मारहाण झालेली होती. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी तिथे मार खाल्लेला होता. आणि घरात मार खाणाऱ्या बहुतेक मुलांना मारणारे आई-वडीलच होते. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आली, हे चांगलंच झालं. पण घरातल्या पट्ट्याला आपण अजून 'वळण लावणं' म्हणतो. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

इथे एक गोष्ट साफ करतो, नाहीतर मेसमध्ये मला चिडवतील. आईने एकदा धपाटा घातला म्हणून कोणाचं आयुष्य बरबाद होतं, असं मी म्हणत नाहीये. मारू नयेच, पण एक धपाटा आणि दहा वर्षांची दहशत एक नव्हे. पाहायचं ते हे, की ते पुन्हा पुन्हा होत होतं का, केव्हा होईल ते कळत होतं का, आणि नंतर जवळ घ्यायला कोणी होतं का.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चार ते बारा पट धोका हा हजारो लोकांचा हिशेब आहे. तो कोणा एकाची जन्मपत्रिका नाही. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसनं, आजार अशा अनेक अडचणी असलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं चांगली, कर्तबगार, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरात किंवा बाहेर कोणीतरी एक माणूस, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, ज्याने त्यांना धरून ठेवलं होतं. एक! इथे आपलं मशीन डिझाइन संपतं. शाफ्टमधली चीर आपली आपण भरत नाही. माणसाची भरू शकते. वेळ लागतो, पण भरू शकते.

मग हॉस्टेलमध्ये आपण काय करायचं? समुपदेशक व्हायचं नाही, ते आपलं काम नाही. पण निदान नवी सायकल तरी देऊ नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तरी "थोडी रॅगिंग झाली की पोरगं घट्ट होतं" हे तत्त्वज्ञान दर जुलैमध्ये ऐकू येतं. घट्ट होतं म्हणजे काय, ते मटेरियल सायन्सच्या पुस्तकात बघा. थंड धातूला ठोकला की हार्डनेस वाढतो आणि डक्टिलिटी जाते. वाकायची ताकद जाते, मग तो तुटतो. झोपलेल्याला दचकवणं, मागून येऊन ओरडणं, बाथरूमला बाहेरून कडी लावणं, हे आपल्याला दोन मिनिटांचं हसू असतं. समोरच्याच्या आत किती सायकल आधीच झाल्या आहेत, ते आपल्याला दिसत नसतं.

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. ओरलला गप्प उभा राहिलेला प्रत्येक जण अभ्यास न केलेला नसतो. आवाज एक पट्टी खाली आणून तोच प्रश्न पुन्हा विचारून बघा. आला तर मार्क द्या, नाही आला तर केटी लागू दे बिचाऱ्याला! पण एकदा विचारून बघा.

आणि ज्याच्या आत हे चालू आहे, त्याला एवढंच सांगायचंय, की तुझ्यात काही खोट नाही. जे झालं त्याला तुझं शरीर अगदी बरोबर वागलं, फक्त आता त्याला सांगायला हवं की धोका टळला. ते सांगायला शिकवणारी माणसं आहेत. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. माझा पार्टनर महिनाभर विचार करून शेवटी एका डॉक्टरांकडे जायला लागला. पहिल्या वेळी मी बरोबर गेलो होतो, बाहेर बाकावर बसून राहिलो. परत येताना आम्ही वडापाव खाल्ला. त्यावर काही बोललो नाही.

त्या रविवारच्या सीनियरला मी अजून काही बोललो नाही. हा लेख तो वाचेलच. दादा, राग मानू नकोस. तुझ्याही गोष्टीत कोणी वरणभात भरवणारं होतं का, तेवढं एकदा आठवून बघ. होतं, तर तू मारामुळे नाही, त्या वरणभातामुळे इथपर्यंत आलास. आणि नव्हतं, तर आमच्या रूमवर ये, बोलू.

मी हल्ली रूममध्ये शिरण्याआधी जिन्यावरूनच त्याच्या नावाने हाक मारतो. रडारला तेवढंच काम कमी.